पालिकेत पक्षांमधला फरक कुठे शोधावा?

प्रश्न असा आहे: "मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केले. आमच्या प्रभागातले बरेच उमेदवार यापूर्वी दुसऱ्या पक्षात होते आणि सगळ्यांच्या पत्रकांत पाणी, रस्ते, ड्रेनेज आणि रोजगार हेच लिहिलेले होते. स्थानिक पातळीवर पक्षापक्षांत काही फरक उरला आहे का? उरला नसेल, तर यापुढे पक्ष सोडून माणूस पाहूनच मत द्यावे, हे योग्य नाही का?"

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सभांचे कामकाज हा माझ्या नोकरीचा विषय होता. विषयपत्रिका काढणे, ठराव लिहिणे, इतिवृत्त कायम करून घेणे यांतच माझी उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर नव्या सदस्यांना मी तेच शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो की फरक पुसट झाला आहे, हे तुमचे निरीक्षण खरे आहे. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. फरक शोधण्याची जागा आपण चुकतो. तो पत्रकात किंवा प्रचारसभेत दिसत नाही. ज्या ठरावात कोणावर तरी बोजा पडतो किंवा कोणाला तरी थांबावे लागते, त्या ठरावाच्या वेळी सदस्य काय करतात यात तो दिसतो. आणि असे ठराव सभागृहात फार थोडे येतात, हेच मूळ दुखणे आहे.

आधी हे समजून घ्यावे लागेल की काही साम्य स्वाभाविक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 हा कायदा पालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरवून देतो. पाणीपुरवठा, मलनिःसारण, दिवाबत्ती, साफसफाई ही कामे कोणताही पक्ष आला तरी करावीच लागतात, त्यामुळे सगळ्यांच्या पत्रकांत तीच दिसणार. शिवाय याच कायद्याच्या कलम 67 नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, स्थायी समिती निविदांना आणि खर्चाला मान्यता देते, सर्वसाधारण सभा धोरण आणि अंदाजपत्रक ठरवते. पण रोजचा कारभार राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती असतो. मंत्र्याला जसे खाते असते तसे नगरसेवकाला नसते. त्याच्या हाती राहते ते आपल्या प्रभागात काम ओढून आणणे, आणि या ओढाताणीत डावे-उजवे असे काही नसते.

पैशाची बाजू तर याहून निर्णायक आहे. पूर्वी जकात होती. जकात म्हणजे पालिकेचा स्वतःचा, रोजचा, हातात येणारा पैसा. ती गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर पालिकेला शासनाकडून येणाऱ्या भरपाईच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागले. मिळकतकर आणि पाणीपट्टी एवढेच ठळक उत्पन्न स्वतःचे उरले, आणि सोलापुरात यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार यांच्या वस्त्यांतून ते किती वाढवता येईल याला मर्यादा आहे. मोठी कामे नगरोत्थान, दलित वस्ती सुधार योजना, जिल्हा नियोजन समिती, स्मार्ट सिटी किंवा केंद्राच्या अभियानांतून होतात. त्यांतल्या बऱ्याच निधीची चावी पालकमंत्र्यांकडे किंवा मंत्रालयात असते. आपल्या गल्लीतला रस्ता व्हावा असे वाटणाऱ्या नगरसेवकाला राज्यात ज्यांची सत्ता आहे त्यांच्या जवळ जावेसे वाटते, यात त्याचा स्वभावदोष कमी आणि या रचनेचा भाग अधिक आहे. पक्षांतराला नैतिक दूषणे देऊन आपण मोकळे होतो, पण निधीची वाट बदलल्याशिवाय ही वाहतूक थांबणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापुरात हे नेहमीच असे नव्हते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा कामगार संघटना हा पक्षाचा पाया होता. संप, बोनस, महागाई भत्ता या प्रश्नांवर कोण कोणत्या बाजूला उभा आहे हे चाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असे आणि तीच बाजू पालिकेच्या सभागृहातही दिसे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, काम यंत्रमागांच्या लहान शेडमध्ये आणि घरोघरच्या विडी वळण्यात विखुरले, आणि पक्षाचा आधार कारखान्यावरून वस्तीवर आणि समाजावर आला. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणाऱ्या या शहरात वस्तीचा नेता हाच मतांचा मालक झाला आणि पक्षाने त्याच्या दारात जायचे अशी रीत पडली. पक्षांमधली रेषा पुसट होण्याचे सोलापुरातले हे सर्वांत खोल कारण मला वाटते. त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

तरीही वेगळेपणा टिकवणारी उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि त्यांनी पक्ष कधी बदलला नाही. शहरातले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम यांचे उदाहरण तर अभ्यासण्यासारखे आहे. कुंभारी येथील रे नगर हा असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा प्रकल्प त्यांच्या चळवळीतून उभा राहिला, पण तो केंद्राच्या आवास योजनेच्या पैशाशिवाय होणे शक्य नव्हते. जानेवारी 2019 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्या समारंभात आडम यांनी पंतप्रधानांचे कौतुक केले म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. पुढे जानेवारी 2024 मध्ये पहिल्या टप्प्यातल्या 15 हजार घरांचे हस्तांतरणही मोदी यांच्याच हस्ते झाले. ती कारवाई योग्य होती की नाही यावर मतभेद असतील. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की कामासाठी विरोधी पक्षाच्या सरकारशी हातमिळवणी करूनही पक्ष वेगळा राहू शकतो, मात्र त्यासाठी आपल्या माणसाला जाब विचारणारी संघटना मागे असावी लागते. सहकार्याने फरक पुसत नाही. जाब विचारणारे कोणी नसले की पुसतो.

याउलट जिथे पक्षाचे चिन्हच नसते तिथे काय होते, ते बाजार समितीच्या निवडणुकीत दिसते. 2018 च्या सोलापूर बाजार समितीच्या निवडणुकीत विजयकुमार देशमुख आणि सुभाष देशमुख हे भाजपचे दोन तत्कालीन मंत्री परस्परविरोधी पॅनेलमागे उभे होते. विजयकुमार देशमुख यांच्या पॅनेलमध्ये काँग्रेसचे नेते सोबत होते, ते पॅनेल जिंकले आणि देशमुख सभापती झाले. 2025 च्या निवडणुकीत अक्कलकोटचे भाजप आमदार सचिन कल्याणशेट्टी आणि काँग्रेसचे दिलीप माने एका बाजूला, तर भाजपचेच सुभाष देशमुख दुसऱ्या बाजूला अशी मांडणी झाली. सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, त्यामुळे तिथे पक्षादेशाचे (व्हिपचे) बंधन नसते आणि गटच खरा घटक ठरतो. अडचण अशी की ही सवय तिथेच थांबत नाही. बाजार समितीत, कारखान्यात, दूध संघात ज्यांच्याबरोबर बसायचे त्यांच्याविरुद्ध जिल्हा परिषदेत किंवा पालिकेत कठोर प्रश्न विचारणे माणसाला जड जाते. 2017 मध्ये जिल्हा परिषदेत राष्ट्रवादी काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष असूनही भाजप आणि स्थानिक आघाड्यांच्या बळावर संजय शिंदे अध्यक्ष झाले, आणि 2019 मध्ये माढा लोकसभेसाठी तेच राष्ट्रवादीचे उमेदवार होते. मतदाराने यात धोरणाचा धागा शोधायचा कुठे?

2017 च्याच महापालिका निवडणुकीत 102 पैकी भाजपला 49, शिवसेनेला 21, काँग्रेसला 14, एमआयएमला 9 जागा मिळाल्या आणि बाकीच्या राष्ट्रवादी, बसप आणि माकप यांच्याकडे गेल्या. मुंबईत भाजप आणि शिवसेना एकत्र मंत्रिमंडळात होते, तर इथे शिवसेना विरोधी बाकावर होती. तरीही त्या पाच वर्षांत ज्या विरोधाची सर्वाधिक चर्चा झाली तो सत्ताधारी पक्षातल्याच दोन गटांमधला होता. पक्षांमधले अंतर कमी झाले की पक्षाच्या आतले अंतर वाढते, हे मी अनेक संस्थांमध्ये पाहिले आहे. भांडण संपत नाही, ते बंद खोलीत जाते, आणि बंद खोलीतल्या भांडणाचे इतिवृत्त लिहिले जात नाही.

कायद्याने यावर काही उपाय केलेला नाही, असे नाही. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 नुसार पक्षादेश मोडणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पण पक्षादेशाचे हे बंधन मतदानापुरते चालते आणि बहुतेक ठराव मतदानाशिवाय होतात. दुसरे म्हणजे तक्रार जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्तांकडे, मग अपील, मग उच्च न्यायालय अशी वाट चालता चालता सदस्याची मुदतच संपत येते. तिसरी गोष्ट अधिक खोलवरची आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 31अ मध्ये निकालानंतर महिन्याभरात पक्षांना आणि गटांना आघाडी करून नोंदणी करण्याची मुभा आहे, आणि समित्यांवरच्या जागा त्या संख्याबळावर वाटल्या जातात. मतदाराने ज्याला एका पक्षाचा म्हणून निवडले तो महिन्याभरात दुसऱ्याच आघाडीच्या हिशेबात जाऊन बसतो, आणि हे पूर्णपणे कायदेशीर असते.

आता सभागृहात प्रत्यक्ष काय घडते ते एका प्रसंगावरून सांगतो. जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत पाणीपट्टीच्या दरवाढीचा विषय आला होता. प्रशासनाच्या टिपणीत वीजबिल, जलशुद्धीकरणाचा खर्च आणि वसुली यांचा हिशेब होता आणि तूट स्पष्ट दिसत होती. सत्ताधारी गटनेते उठले आणि म्हणाले, "विषय सविस्तर माहितीसह फेरसादर करावा." विरोधी गटनेत्यांनी बसल्याजागी अनुमोदन दिले. मी ठरावाच्या वहीत लिहिले: सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. दर वाढवावेत असे कोणी म्हटले नाही, वाढवू नयेत असेही म्हटले नाही, तूट कुठून भरायची हे कोणी विचारले नाही. पुढच्या विषयात, प्रभागनिहाय कामांच्या यादीवर, त्याच सभागृहात जोरदार खडाजंगी झाली आणि शेवटी सर्वांच्या उपसूचनांसह तोही विषय सर्वानुमते मंजूर झाला. त्या दिवसाचे कागद आज कोणी वाचले तर तिथे पक्ष किती होते हे त्याला ओळखता येणार नाही. फेरसादर करायला सांगितलेला विषय मुदतीत परत आला नाही, पंपाच्या दुरुस्तीचे पैसे निघाले नाहीत आणि उन्हाळ्यात टँकरचा खर्च मात्र मंजूर करावा लागला.

तो प्रसंग मुद्दाम सांगितला, कारण सर्वानुमत हे नेहमी सामंजस्याचे लक्षण नसते. सदस्यांना पोल मागता येतो. पोल झाला की कोणी कोणत्या बाजूला मत दिले ते नावानिशी नोंदले जाते. पोल मागितला जात नाही तेव्हा दोन्ही बाजूंना नाव नोंदवून घ्यायचे नसते, असे मानायला जागा असते.

मग खरा फरक कुठे दिसू शकतो? सफाई कामगार कायम असावेत की ठेकेदाराकडे, परिवहन उपक्रम पालिकेने तोटा सोसून चालवावा की खासगीकडे द्यावा, पालिकेच्या शाळा एकत्र करून कमी कराव्यात की वस्तीत ठेवाव्यात, फेरीवाल्यांना जागा कुठे द्यावी, 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या भागाला ड्रेनेज आधी की गावठाणातल्या जुन्या वाहिन्या बदलणे आधी, हे सगळे धोरणाचे प्रश्न आहेत. यांत डावा, उजवा, मध्यममार्गी अशा भूमिका प्रामाणिकपणे घेता येतात आणि घ्यायला हव्यात. मिळकतकराच्या थकबाकीत मोठ्या थकबाकीदाराची मिळकत आधी जप्त होते की झोपडपट्टीतले नळ आधी तोडले जातात, यातही पक्षाचा कल दिसतो. या प्रश्नांवर भूमिका न घेता पाच वर्षे काढता येतात, आणि काढली जातात, ही माझी तक्रार आहे.

एका बाबतीत मात्र पक्षांमध्ये ठळक फरक दिसला, आणि तो मुंबईत, राज्य सरकारच्या पातळीवर. 2016 मध्ये युती सरकारने चार सदस्यांचा प्रभाग आणि थेट नगराध्यक्ष आणला. महाविकास आघाडीने तो बदलून महापालिकांसाठी आधी एक सदस्याचा आणि मग तीन सदस्यांचा प्रभाग ठरवला, थेट नगराध्यक्षाची निवडही रद्द केली. 2022 मध्ये सरकार बदलले आणि दोन्ही गोष्टी पुन्हा पूर्ववत झाल्या. चार सदस्यांच्या प्रभागात एकट्या कार्यकर्त्याला निभाव लागणे कठीण जाते, पॅनेल लागते, आणि पॅनेल बांधताना चौघांचे विचार जुळतात का यापेक्षा चौघांच्या वस्त्या जुळतात का हे पाहिले जाते. म्हणजे स्थानिक फरक पुसणारी रचनाच पक्ष आपल्या सोयीने बदलत राहिले, आणि त्या बदलांवर सोलापूरच्या मतदाराचे मत कोणी विचारले नाही.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते. अंदाजपत्रक प्रशासकांनी मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. या काळात मला अनेकांनी विचारले, नगरसेवक नसल्याने काय अडले? उत्तर असे की प्रश्न विचारण्याची जागा अडली. पाणी तीन-चार दिवसांआड का येते, याचे उत्तर अधिकाऱ्याकडून उघड सभेत, सगळ्यांच्या देखत मागण्याचा अधिकार कोणाकडेच राहिला नाही. सभागृह कितीही कमकुवत असले तरी ते असणे आणि नसणे यांतला फरक या चार वर्षांत शहराने अनुभवला आहे.

आता तुमच्या "माणूस पाहून मत" या मुद्द्याकडे येतो. चांगला माणूस हवाच, त्याबद्दल वाद नाही. परंतु 102 जणांच्या सभागृहात एकट्या चांगल्या माणसाला स्थायी समितीत जागा मिळवायला गटाचे संख्याबळ लागते, आणि सगळे हजर असतील तर विषय मंजूर करायला 52 मते लागतात. ती नसतील तर त्याच्या हाती अर्ज आणि विनंत्या उरतात, आणि हळूहळू तोही निधी मिळवण्यासाठी सत्ताधाऱ्यांकडे ओढला जातो. अनेक प्रामाणिक अपक्षांचे असे झालेले मी पाहिले आहे, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. दुसरे असे की माणसाने काम केले नाही तर तो पुढच्या वेळी उभाच राहत नाही, मग जाब कोणाला विचारायचा? पक्ष मात्र पुढच्या निवडणुकीत पुन्हा दारात येतोच. म्हणून पक्षाला सोडून देणे हे पक्षांना हवेच आहे; त्यांना त्यांच्या शब्दाला बांधून घेणे त्यांच्या गैरसोयीचे आहे, आणि नागरिकाने तेच करायला हवे.

आज सभागृहातल्या बहुतांश जागा एकाच पक्षाकडे आहेत आणि त्या पक्षाच्या बाकांवर पूर्वी इतर पक्षांत असलेले अनेक जण बसले आहेत. अशा सभागृहात विरोधी पक्षाची संख्या कमी, म्हणून नागरिकाची जबाबदारी अधिक. सर्वसाधारण सभा नागरिकांना प्रेक्षक म्हणून पाहता येते. विषयपत्रिका, मंजूर ठराव आणि स्थायी समितीचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येतात, आणि त्यांत सूचक-अनुमोदक कोण आणि विरोध कोणी नोंदवला हे स्पष्ट लिहिलेले असते. क्षेत्रसभेची, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही कायद्यात आहे. ती तुमच्या प्रभागात घ्या म्हणून चारही नगरसेवकांना सह्यांचे एकत्र निवेदन द्या.

त्या निवेदनात रस्ता आणि दिवा मागू नका, ते त्यांना पाठ आहे. उजनीपासून शंभरहून अधिक किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकली तरी शहरातल्या जुन्या अंतर्गत वाहिन्या बदलल्याशिवाय पूर्व भागात रोज पाणी येणार नाही. त्या बदलण्याचा पैसा मिळकतकरातून येणार, पाणीपट्टीतून, शासनाच्या अनुदानातून की कर्जातून, आणि कोणत्या भागाचे काम आधी होणार, हा प्रश्न चौघांना स्वतंत्रपणे आणि लेखी विचारा. उत्तरे एकसारखी आली तर ती अंदाजपत्रकाच्या सभेच्या आधी त्यांच्या गटनेत्यांकडे पाठवा आणि तुमच्या पक्षाची भूमिका हीच आहे का, असे विचारा. वेगवेगळी आली तर ती जपून ठेवा आणि तो विषय सभेपुढे येईल त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणी पोल मागतो का, ते प्रेक्षक कक्षात बसून पाहा.